सासूबाईंचा हातगुण

लग्न होऊन सिहोऱ्याजवळच्या या गावात आले तेव्हा कोंबडीबद्दलचं माझं ज्ञान ताटापुरतं होतं. माहेर नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर. तिथे अंडी किराणा दुकानातून यायची आणि ती कुठून तरी येत असतील एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना विचारायला सुरुवात केली. कोंबडी ओरडते ती अंडं घालताना की घातल्यावर? कोंबडा नसला तर अंडं येतं का? येत असेल तर मग कोंबडा कशाला? सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून लेकाला म्हणाल्या, "काय रे, ही पोरगी शिकलेली आहे म्हणत होता ना तू?"

माहेरी मला चौकशीची खिडकी म्हणायचे. खिडकी सासरीही उघडीच राहिली. मी रोज सकाळी बसने तुमसरला जाते, एका दुकानात बिलाच्या कॉम्प्युटरवर बसते आणि संध्याकाळी परत येते. पण जाण्याआधीचा अर्धा तास माझा सांदवाडीतला. घराच्या मागच्या परसाला इथे सांदवाडी म्हणतात. वांगी, ढेमसं, शेवग्याचं झाड, धुण्याचा दगड आणि भिंतीला टेकून खुराडं. सासूबाई खुराड्याचं दार उघडतात, कोंबड्या एकमेकींना ढकलत बाहेर पडतात आणि मी चहाचा कप घेऊन त्यांच्यात कोण कोणाशी कशी वागते ते बघत उभी राहते. एक पांढरी होती, ती सगळ्यांचं खाऊन झाल्यावर यायची आणि तरी सगळ्यांत लठ्ठ. एक काळी होती, तिला खुराडंच पसंत नव्हतं, ती शेवग्यावर झोपायची. मला वाटायचं, माणसांपेक्षा यांच्यात जास्त घडामोडी असतात. नवरा म्हणायचा, तू बघतेस म्हणून त्या जास्त करतात.

पण आमच्या घराची गावात ओळख होती ती कोंबड्यांमुळे नव्हे, सासूबाईंच्या हातामुळे.

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं सोडून पिसं फुलवून एका जागी बसून राहायला लागली, की तिच्याखाली अंडी ठेवायची आणि तीन आठवड्यांनी पिल्लं काढायची. हे काम कोणीही करू शकतं असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. अंडी ठेवणाऱ्याचा हातगुण लागतो. कोणाच्या हातानं ठेवलेली अंडी सगळी फुटून पिल्लं निघतात, कोणाच्या हातानं निम्मी. सासूबाईंच्या हातानं ठेवलेली बहुतेक सगळी फुटायची, म्हणून अर्ध्या गावाच्या कोंबड्या त्याच बसवायच्या. त्याची एक रीतच होती. ज्यांची कोंबडी बसायच्या बेतात आहे त्यांनी आपली अंडी जमतील तशी आमच्याकडे आणून द्यायची. सासूबाई ती आपल्या घरी ठेवून घेणार, अमावस्या टाळून दिवस ठरवणार, मग अंडी पदरात घेऊन त्या घरी जाणार. टोपलीत तणीस, म्हणजे धानाचं वाळलेलं गवत, तळाशी एक लोखंडी खिळा, आणि मग उजव्या हातानं एकेक अंडं. आकडा नेहमी विषमच. मधे कोणी बोलायचं नाही. कोंबडी अंड्यांवर सरकून बसली की चहा.

मी दोन-तीनदा सोबत गेले. एकदा न राहवून कानात विचारलं, "आई, खिळा कशाला?"

"वीज कडाडली तं अंडे खराब होत नाही," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "आता तू नोको कडाडू."

त्या खाष्ट नव्हत्या, पण कौतुक करून घ्यायची त्यांना सवय होती. कोणाच्या अंगणातून पिल्लांचा थवा गेला की चालता चालता म्हणायच्या, "हे माह्या हातचे." मिरचीचं रोप, लोणच्याची बरणी, धानाची पहिली मूठ, सगळ्याला त्यांचाच हात लागायचा. दरवर्षी पावसाळ्यात धानाचे आणि थंडीत उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकताना, म्हणजे रोपांसाठी वाफ्यात बी पेरताना, पहिली मूठ त्या टाकायच्या आणि नंतर बाकीचे. सासरे गेल्यावरही यात बदल झाला नव्हता.

मग एका उन्हाळ्यात आम्ही फ्रिज घेतला.

फ्रिज ठेवायला जागा एकच होती, स्वयंपाकघराचा उत्तरेचा कोपरा. तिथे दगडी ओट्यावर पिण्याच्या पाण्याचा रांजण असायचा, त्याच्या बुडाशी ओली वाळू. रांजण उचलून सांदवाडीत पाय धुण्याच्या जागी गेला, ओटा फोडला, वाळू कोंबड्यांनी अंगावर घेतली. सासूबाईंनी फ्रिजला हळदीकुंकू लावलं. पहिले काही दिवस त्या दार उघडून थंड वारा चेहऱ्यावर घ्यायच्या आणि मी आल्याचं दिसलं की दही शोधल्यासारखं करायच्या. मला त्यांचं फार हसू यायचं आणि त्यांनाही माझ्या हसण्याचं काही वाटत नसे.

पावसाळाभर कोणाची कोंबडी बसवली नव्हती, दसऱ्यानंतर पहिली बसवली ती आमची पांढरी. अकरा अंड्यांतलं एकही फुटलं नाही. पांढरी आपली दिवस उलटून गेले तरी बसलेली. शेवटी सासूबाईंनी तिला उठवलं, अंडी उकिरड्यात पुरली आणि म्हणाल्या, कोंबडी निबर झाली. त्यानंतर थंडी सरता सरता शेजारच्या बाईंची कोंबडी बसवली. या शेजारीण बाई आमच्या कुंपणाच्या पलीकडे राहतात, सासूबाईंना मावशी म्हणतात आणि मनात आलेलं लगेच बोलून मोकळ्या होतात. त्यांची कोंबडी तरुण होती. तिचीही अंडी तशीच राहिली. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "मावशी, असं तं कधी झालं नोहतं." एवढंच म्हणाल्या, पण सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

खरा घाव पुढेच होता. आमची शेवग्यावर झोपणारी काळी बरेच दिवस दिसेनाशी झाली होती. मुंगसानं नेली असं आम्ही धरून चाललो होतो. एका सकाळी ती तणसाच्या ढिगामागून बाहेर आली आणि तिच्यामागे नऊ पिल्लं. मी कप तसाच ठेवून ओरडत आत गेले. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी पिल्लं पाहिली, एक उचलून तळहातावर घेतलं आणि लगेच खाली ठेवून दिलं.

"हिच्या अंड्याले माहा हात नाही लागला," त्या म्हणाल्या. "म्हणून फुटले."

मी म्हटलं, असं काही नसतं. त्या म्हणाल्या, "तुले काय मालूम."

त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे खरंच काही नव्हतं. तोच कोंबडा, त्याच कोंबड्या, तेच आवार. फरक फक्त हाताचा. त्या दिवसापासून सासूबाईंनी हात आखडता घेतला, तो सगळ्यातूनच. लोणच्याची बरणी मला भरायला लावली. मिरचीची रोपं नवऱ्याने लावली. शेजारीण बाईंची दुसरी कोंबडी खुडूक झाली तेव्हा त्यांनी विचारलंच नाही, आपल्या आपण बसवली. आणि पावसाळ्यात पऱ्हे टाकायच्या दिवशी सासूबाई घरीच बसल्या. नवरा बांधावरून परत आला, विनवण्या केल्या. त्या म्हणाल्या, "माहा हात गेला बाबू. पेटभराचं धान आहे. तू टाक." शेवटी त्यानेच मूठ टाकली. पऱ्हे छान उगवले, दाट आणि हिरवेगार. ते पाहून सासूबाईंच्या तोंडावर जे दिसलं ते मला अजून विसरता येत नाही. चांगलं पीक आलं म्हणून वाईट वाटलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

मला राग यायचा. त्यांचा नव्हे, त्या अंड्यांचा. इतकी साधी गोष्ट आणि मला कळत नाही म्हणजे काय. हात जातो म्हणजे नेमकं काय होतं? सकाळी असतो आणि संध्याकाळी नसतो का? मी बसमध्ये हाच विचार करत बसायचे. दुकानात बिल करताना अंड्यांचा ट्रे आला की थांबायचे.

दिवाळीच्या आसपास पांढरी पुन्हा खुडूक झाली. सासूबाई म्हणाल्या, तिला पाण्यात बुडवून काढा म्हणजे खूळ जाईल. मी म्हटलं, राहू द्या, मी बसवते, माझा हात कसा आहे ते तरी कळेल. त्यांनी खांदे उडवले. मी विचारलं, अंडी कुठे आहेत? त्या म्हणाल्या, "कुठी राहतील? फ्रिजात."

मी अंडी काढली आणि ताटलीत ठेवून टोपली, तणीस, खिळा गोळा करायला गेले. परत येऊन पाहते तर अंड्यांना घाम आलेला. बारीक थेंब, काही ठिकाणी ओघळ. सासूबाई सवयीने पुढे झाल्या आणि पदरानं एकेक अंडं पुसायला लागल्या. पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं की आपण हात लावतोय, आणि त्यांनी पदर सोडून दिला.

मी तशीच उभी राहिले. त्या अंडी पुसतायत हे मी आधीही पाहिलं होतं, शेजारच्या घरी. मला तो विधीचाच भाग वाटला होता, खिळ्यासारखा.

"आई, फ्रिज यायच्या आधी तुम्ही अंडी कुठे ठेवायचात?"

"रांजनापाशी. वाळूत."

"आणि शेजारच्यांची?"

"तेही तेथीच. थंड राहते ना. आता फ्रिज जास्त थंड, म्हणून फ्रिजात." मग त्यांनी मान वर केली. "काहून?"

तेव्हा लगेच काही बोलले नाही, एवढी अक्कल मला होती. दुकानात शेजारच्या गाळ्यात एक पशुखाद्यवाला आहे, त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याने हिशेब करता करताच सांगितलं की पिल्लं काढायची अंडी गार जागी ठेवायची, पण फ्रिजमध्ये नाही. आत जीव असतो तो इतक्या थंडीत फार दिवस टिकत नाही. त्याला ती इतकी साधी गोष्ट वाटली की माझ्याकडे पाहिलंही नाही. मी बसमध्ये बसले तेव्हा मला अक्षरशः नाचावंसं वाटत होतं. काळीची अंडी तणसात होती. आमची आणि शेजारच्यांची फ्रिजमध्ये होती. हात मधे कुठेच नव्हता.

घरी पोचले, चप्पल काढायच्या आधी सांगायला सुरुवात केली. सासूबाई भाकरी थापत होत्या. मी रांजणापासून पशुखाद्यवाल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. तुमचा हात गेलाच नाही आई, म्हटलं. फ्रिजमुळे झालं सगळं.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मला वाटलं, आता हसतील.

"म्हंजे अंडे फुटत होते ते रांजनानं," त्या म्हणाल्या.

"हो. म्हणजे, वाळूच्या गारव्यानं."

"मंग एवढे साल माहा हात काय करून राहिला होता?"

भाकरी फुगली आणि त्यांनी ती उलटली. त्यांचा हात त्यांना परत द्यायला मी धावत आले होते आणि देता देता तो कायमचा काढून घेतला होता. गेलेला हात कधीतरी परत येऊ शकतो. नव्हताच म्हटल्यावर काय परत येणार? मी चप्पल काढायला बाहेर गेले आणि उगीचच बराच वेळ पायरीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

सकाळी सांदवाडीत खरवडल्याचा आवाज आला. सासूबाई पाय धुण्याच्या जागेवरचा रांजण घासत होत्या. नवऱ्याला हाक मारून त्यांनी तो स्वयंपाकघरात आणवला, फ्रिजच्या शेजारी विटा रचून त्यावर ठेवला आणि नाल्याची वाळू आणून खाली पसरली. कोंबड्यांची ताजी अंडी त्या रोज वाळूत ठेवत गेल्या. मी काही विचारलं नाही. त्यांनीच एका संध्याकाळी मला बोलावलं. पांढरी अजून हटून बसलेली होती. सासूबाईंसमोर वाळूतली अंडी एका सुपात होती आणि फ्रिजमधली दुसऱ्या सुपात. चुलीतला कोळसा घेऊन त्या फ्रिजमधल्या अंड्यांवर एकेक काळी रेघ ओढत होत्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तू एकटीच पाहत राहशील का सगळं?" त्या म्हणाल्या. "मले बी पाहू दे."

सहा वाळूतली, पाच रेघांची. तणीस, खिळा, सगळं रीतीप्रमाणे. अंडी त्यांनी आपल्या उजव्या हातानं ठेवली, दोन्ही प्रकारची सारख्याच हळुवारपणे. मी श्वास धरून पाहत होते आणि मला कळेना की मी कोणाच्या बाजूने आहे. सगळी फुटली तर पशुखाद्यवाला खोटा आणि हात खरा. एकही फुटलं नाही तर हात गेल्याचं पक्कं. माझं म्हणणं बरोबर निघालं तर सासूबाईंकडे काहीच उरणार नव्हतं, आणि ते त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. तरी त्या रोज सकाळी टोपलीशी वाकून बघायच्या. मधे एका रात्री मी मोबाईलचा टॉर्च अंड्यामागे धरला. वाळूतल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसलं आणि मधे एक ठिपका हलत होता. रेघेचं अंडं नुसतं पिवळं, रिकाम्या खोलीसारखं. सासूबाईंनी टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि तो ठिपका किती तरी वेळ पाहिला. इतकी वर्षं कोंबड्या बसवल्या, पण अंड्याच्या आत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "हलते बाई," एवढंच म्हणाल्या.

पिल्लं निघाली त्या दिवशी मी सुट्टी घेतली. वाळूतल्या सहांतली सहाही फुटली. रेघांची पाच तशीच पडून. सासूबाईंनी ती पाचही हातात घेऊन पाहिली, कानाशी हलवली आणि बाजूला ठेवली.

एवढ्यात पिल्लांचा आवाज ऐकून शेजारीण बाई कुंपणावरून डोकावल्या. टोपलीत पांढरीच्या पंखाखालून डोकी बाहेर येत होती.

"मावशी, पाह्यलं का," त्या खूश होऊन म्हणाल्या, "मी म्हणत होती ना, तुमचा हात वापस येईल म्हणून. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकाच्या आदी आला, चांगलं झालं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना फक्त हो म्हणायचं होतं. रेघांची अंडी सुपाखाली सारली असती तर कोणालाही कळलं नसतं, आणि मी काही बोलणार नव्हते, हे मी त्याच क्षणी मनाशी ठरवलं. शेजारीण बाई गावभर सांगणार, पुन्हा अंडी येणार, पुन्हा पदर, पुन्हा चहा. सासूबाईंनी एक पिल्लू उचललं. त्याची टरफल चिकटलेली पाठ बोटाने साफ केली. मग रेघांची अंडी सुपात घालून कुंपणापाशी नेऊन दाखवली.

"हात कुठीच नोहता गेला, बाई," त्या म्हणाल्या. "फ्रिजात ठेवला होता."

शेजारीण बाई बघतच राहिल्या. सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, वाळू, रांजण, तुमची अंडीही मीच नासवली हेसुद्धा. पलीकडे कोणाचा तरी मोटारपंप चालू होता.

"मंग आता कोंबडी बसवाले तुमाले बलावाचं का नाही?" शेजारीण बाईंनी शेवटी विचारलं.

"तुमी बसवा ना. वाळूत ठेवा आन बसवा. कोनाच्याबी हातानं फुटतात."

"माह्यानं नाही होत, मावशी. माह्या हातानं कोंबडी उठून पळते," त्या म्हणाल्या. "तुमीच याजा."

टोपलीपाशी परत येऊन सासूबाईंनी हातातलं पिल्लू पांढरीच्या पंखाखाली सरकवलं. पांढरी, जी मला टोपलीजवळ येऊ देत नव्हती, टॉर्च धरला तेव्हा जिने माझ्या मनगटावर चोच मारली होती, ती सासूबाईंचा हात पोटाखाली जाऊ देत शांत बसली होती. हे मी रोज बघत होते आणि याबद्दल मात्र कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात पऱ्हे टाकायचे होते. सकाळी नवऱ्याने बियांची टोपली बाहेर काढली तेव्हा सासूबाई पायरीवर तयार होऊन बसल्या होत्या, पदर खोचून, हात धुऊन.